रांगेंतील भय

भयाचीं स्थानें मनुष्यानें फार प्राचीन काळापासून ठरवून ठेवलेलीं आहेत. अरण्य, स्मशान, समुद्र, रणांगण हीं भयाचीं स्थानें. आणि देऊळ, बाजार, जत्रा, स्वतःचें घर हीं निर्भयतेचीं. जेथें पुष्कळ माणसें जमलीं आहेत तेथें भिण्याचें कारण नाहीं, असा आपला सामान्य समज असतो. लहान मूल अंधारास भिऊं लागलें म्हणजे 'अरे, आम्ही सगळे येथेंच आहों ना!' असें आपण त्यास सांगतों, तें ह्याच समजुतीच्या जोरावर. परंतु जगांत अशींही माणसें आहेत कीं, ज्यांस भय वाटतें तें 'सगळे येथेंच' असल्यामुळेंच. अशा मनुष्यास डोंगरांत एकटें सोडा, तो आनंदानें फिरेल. पण सुटीच्या दिवशीं, सहकुटुंब, केवळ मौजेसाठीं निघालेल्या लोकांच्या रांगेंत त्यास उभा करा, कीं त्याचे हातपाय गार पडतात. आनंदाच्या दारांत भेटणाऱ्या ह्या भयाचें स्वरूप काय, आणि त्याच्याशीं वागण्याची योग्य रीति कोणती, ह्याचा थोडा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

हें भय पाहावयाचें असेल तर थीम पार्कसारखी दुसरी जागा नाहीं. १७ जुलै १९५५ रोजीं कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें वॉल्ट डिस्ने यांनीं आपलें डिस्नेलँड उघडलें, तेव्हां पहिल्याच दिवशीं खोट्या निमंत्रणपत्रिकांच्या बळावर इतके लोक आंत शिरले कीं, व्यवस्थापकांची त्रेधा उडाली. तेव्हांपासून गर्दी आणि रांग ह्या गोष्टी अशा उद्यानांच्या पांचवीला पुजलेल्या आहेत. आपल्याकडे १९८९ सालीं गोराईस एस्सेलवर्ल्ड आणि २०१३ सालीं खोपोलीजवळ इमॅजिका निघालें, आणि त्यांच्याबरोबर कठड्यांची नागमोडी रांगही आपल्या परिचयाची झाली. ह्या रांगेची रचना मोठी चतुर असते. एकाच अंगणांत ती सहासात वळसे घेते. त्यामुळें शेंकडों माणसें थोड्या जागेंत मावतात, रांग आहे त्याहून आंखूड भासते, आणि पाऊल सारखें पुढें पडत असल्यामुळें आपण पोंचतच आलों असें वाटत राहतें. तासभर उभें राहावें आणि दोनतीन मिनिटें पाळण्यांत बसावें, हा तेथील नित्याचा हिशेब होय. डेव्हिड मेस्टर ह्या अभ्यासकानें १९८५ सालीं वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्यांत त्यानें दाखविलें आहे कीं, वेळ घड्याळानें लांबत नाहीं इतका मनानें लांबतो. अनिश्चितता, अन्याय, एकटेपणा आणि चिंता हीं जेथें आहेत तेथें दहा मिनिटेंही तासासारखीं होतात.

सामान्य मनुष्यास ही नागमोडी रांग कंटाळवाणी वाटते, एवढेंच. पण ज्याविषयीं आपण बोलत आहों त्यास ती जाळ्यासारखी वाटते. पुढें शंभर माणसें, मागें शंभर माणसें, दोन्ही बाजूंस कठडा. बाहेर पडावयाचें तर ह्यांतील प्रत्येकास 'जरा जाऊं द्या' म्हणावें लागणार. एवढा विचार मनांत येण्याचा अवकाश, कीं छातींत धडधड सुरू होते. तोंडास कोरड पडते. श्वास पुरत नाहींसें वाटतें, बोटांस मुंग्या येतात, डोकें हलकें होऊन भोंवतालचीं माणसें कांचेपलीकडे उभीं असल्यासारखीं दिसूं लागतात. आपण आतां येथेंच कोसळणार, हृदय बंद पडणार, किंवा चारचौघांत कांहीं तरी वेडेंवांकडें करून बसणार, अशी खात्रीच होते. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही कीं, शेजारीं उभ्या असलेल्या मनुष्यास ह्यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. तो आपला आइसक्रीम खात असतो.

ह्या विकाराची ओळख नवी नाहीं. १८७१ सालीं कार्ल वेस्टफाल ह्या जर्मन वैद्यानें तीन रुग्णांची हकीकत लिहिली. मोकळा चौक ओलांडावयाचा झाला म्हणजे ह्या तिघांस भयानें घेरलें जाई. ग्रीक लोकांच्या बाजारचौकास अगोरा म्हणत. त्यावरून त्यानें ह्या भयास ॲगोराफोबिया हें नांव दिलें, आणि पुढें गर्दी, रांग, आगगाडी अशा सर्वच ठिकाणच्या भयास तें लागू झालें. कोणी सोबतीस असला, किंबहुना हातांत नुसती काठी असली, तरी ह्या लोकांचें भय कमी होई, असेंही त्यानें नमूद केलें आहे. त्याच सालीं अमेरिकेंत जेकब डा कोस्टा यानें यादवी युद्धांतील अशा सैनिकांचें वर्णन प्रसिद्ध केलें कीं, ज्यांची छाती धडधडे, दम लागे, पण तपासतां हृदयांत त्या मानानें दोष सांपडत नसे. १९१५ सालीं वॉल्टर कॅनन यानें आपल्या ग्रंथांत, संकटाच्या वेळीं शरीर लढण्याची किंवा पळण्याची सिद्धता कशी करतें, ॲड्रेनलिन रक्तांत मिसळून नाडी कशी जलद होते, हें विशद केलें. १९८० सालीं अमेरिकन मानसोपचारकांच्या अधिकृत वर्गीकरणांत पॅनिक डिसऑर्डर ह्या स्वतंत्र नांवानें ह्या विकारास जागा मिळाली; आणि १९८६ सालीं डेव्हिड क्लार्क ह्या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें त्याचें चक्र थोडक्यांत उलगडून दाखविलें. छाती धडधडते, ही धडधड म्हणजे मरणाची खूण, असा मन तिचा अर्थ लावतें, त्या अर्थानें भय वाढतें, आणि भयानें धडधड आणखी वाढते. मूळ ठिणगी क्षुल्लक असते, वारा घालतो तो अर्थ.

म्हणजे घरांत चोर नसतांना कुत्रें भुंकावें, तसा हा प्रकार आहे. कुत्रें खोटें नाहीं, त्याचें भुंकणें खोटें नाहीं, त्याची निष्ठाही खोटी नाहीं. चोर मात्र नाहीं. श्वास घाईघाईनें घेतल्यामुळें रक्तांतील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानें बोटांस मुंग्या येतात व घेरी आल्यासारखें वाटतें. ह्यांत मरणाचा संबंध नसतो. हा आवेग बहुधा दहा मिनिटांच्या आंत शिखरास पोंचतो आणि मग आपल्याच स्वभावानें उतरूं लागतो. अर्थात् छातीची पीडा प्रथमच उद्भवली असेल, तर ती मनाचीच आहे असें घरच्या घरीं ठरवून मोकळें होणें हें शहाणपणाचें नव्हे. वैद्यास दाखवून शरीराविषयीं निःशंक व्हावें, आणि मगच मनाकडे वळावें.

येथें कोणी विचारील, 'गर्दीचें भय खोटें कसें? मांढरदेवी विसरलांत काय?' हा आक्षेप योग्य आहे. २५ जानेवारी २००५ रोजीं वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेंत चेंगराचेंगरींत २५० हून अधिक भाविक मृत्युमुखीं पडले. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं मुंबईंत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसें चेंगरून मेलीं. ज्या गर्दींत हात वर उचलतां येत नाहीं, पाऊल आपल्या इच्छेनें टाकतां येत नाहीं, आणि माणसांची लाटच आपणांस इकडून तिकडे नेते, तेथील भय शहाणें भय होय. त्याचें ऐकून शक्य तितक्या लवकर कडेस निघालेंच पाहिजे. परंतु जेथें मागें वळतां येतें, मुलाच्या बुटाची नाडी वांकून बांधतां येते, हात पसरून आळस देतां येतो, त्या रांगेंत हेंच भय आलें तर त्यास शहाणें म्हणतां येणार नाहीं. दोहोंतील भेद हृदयाच्या धडधडीवरून कळत नाहीं, कारण ती दोन्हीकडे सारखीच असते. तो डोळ्यांनीं पाहून आणि बुद्धीनेंच करावा लागतो.

मग अशा रांगेंत मनुष्य भितो तरी कशास? ह्या प्रश्नाचें उत्तर त्याच्या डोक्यावरूनच किंचाळत जात असतें. रोलर कोस्टरमध्यें बसलेलीं माणसें पैसे देऊन भय विकत घेतात, आणि खालीं उतरल्यावर हंसत पुन्हा रांगेंत येतात. त्यांची छाती धडधडत नाहीं असें नव्हे. पण तें भय त्यांनीं स्वतः पत्करलेलें आहे आणि तें केव्हां संपणार हें त्यांस ठाऊक आहे. खालच्या मनुष्याचें भय न पत्करलेलें आहे आणि त्याचा शेवट त्यास दिसत नाहीं. आणखी एक गोष्ट पाहा. हाच मनुष्य रांगेच्या शेवटल्या टोंकास, बाहेरच्या वाटेजवळ, कांहीं वेळ स्वस्थ उभा राहूं शकतो. नाटकगृहांत दाराजवळच्या खुर्चीवर पूर्ण नाटक पाहूं शकतो. माणसें तींच, हवा तीच, गर्दी तीच. फरक एवढाच कीं, तेथें त्यास बाहेर पडतां येतें. तेव्हां त्याचें भय माणसांचें नाहीं, गर्दीचें नाहीं, मरणाचेंही नाहीं. निघून जाण्याचें स्वातंत्र्य गेलें, ह्या कल्पनेचें तें भय आहे.

परंतु तें स्वातंत्र्य खरोखर गेलेलें असतें काय? कठडा कंबरेएवढा असतो. लहान पोरें त्याखालून ये-जा करतात. पुढचीं-मागचीं माणसें भलीं असतात. कोणी बाहेर जाऊं लागला तर तीं सहसा बाजूस सरतात. मनुष्यास तेथें अडकवून ठेवते ती लाज. तिकिटाचे पैसे दिलेले आहेत, मुलांनीं महिनाभर दिवस मोजले आहेत, पाहुणे बरोबर आहेत. आणि 'अहो, पोरांपुढें हें काय चालविलें आहे? लोक पाहताहेत!' हें वाक्य अजून कोणी उच्चारलें नसलें तरी त्यास तें ऐकूं येऊं लागलेलें असतें. म्हणजे रांगेंत उभ्या असलेल्या ह्या मनुष्यास एक सोडून दोन भयें आहेत. एक शरीराचें, जें दहापंधरा मिनिटांत उतरण्यासारखें आहे. आणि दुसरें लौकिकाचें, जें पहिल्यास उतरूं देत नाहीं. पहिल्याचा विचार वैद्यानें करावा. दुसऱ्याचा आपण सर्वांनीं करावयाचा आहे, कारण तें आपणच निर्माण केलेलें आहे.

आतां मूळ नीतीच्या प्रश्नाकडे वळूं. अशा वेळीं रांग सोडून जाणें हा भित्रेपणा, कीं शहाणपणा? ठाम उभें राहणें म्हणजे धैर्य आणि पाठ फिरविणें म्हणजे भ्याडपणा, अशी विभागणी करणें सोपें आहे. पण येथें ती पुरी पडत नाहीं. जो प्रत्येक वेळीं पळतो त्याचें जग आकुंचित होत जातें, हें खरें. पहिल्यानें तो मोठी रांग टाळतो. मग सिनेमा, मग आगगाडी, मग मंडईही टाळतो. आणि शेवटीं असेही दिवस येतात कीं, उंबरठ्याबाहेर पाऊल टाकण्यास त्यास दुसऱ्याचा हात धरावा लागतो. प्रत्येक पलायनानें त्या क्षणीं सुटका मिळते, पण तेवढ्यानेंच 'पळालों म्हणून वांचलों' हा खोटा धडा पक्का होतो. उलट, जो केवळ लाजेस्तव दांतओठ खाऊन उभा राहतो तोही कांहीं जिंकत नाहीं. रांग म्हणजे यातना, एवढेंच तो शिकतो आणि पुढल्या वर्षीं कांहीं तरी सबब सांगून घरीं बसतो. पळणाऱ्यास भयानें हांकललेलें असतें, आणि दांतओठ खाणाऱ्यास लाजेनें बांधलेलें असतें; स्वतःच्या इच्छेनें वागणारा दोहोंपैकीं एकही नव्हे.

तिसरा मार्ग आहे. क्लेअर वीक्स ह्या ऑस्ट्रेलियन वैद्य बाईंनीं १९६२ सालीं अशा रुग्णांकरितां एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांच्या उपदेशाचें सार असें कीं, भयाशीं झुंजूं नका. तें आलें आहे हें मान्य करा, अंग सैल सोडा आणि काळास त्याचें काम करूं द्या. लाट आली असतां तिच्याशीं कुस्ती करणारा दमतो, तिच्यावर तरंगणारा कांठास लागतो. आजचे मानसोपचारक हीच गोष्ट पायरीपायरीनें शिकवितात. प्रथम पांच मिनिटांची रांग, मग पंधरांची. प्रथम कडेची जागा, मग मधली. निघण्यापूर्वींच बरोबरच्या मंडळींस सांगून ठेवावें आणि एखादी खूण ठरवावी. आवेग आला म्हणजे खोल श्वास ओढण्याचा खटाटोप न करतां श्वास हळूहळू सोडण्याकडे लक्ष द्यावें. पायाखालची जमीन, कठड्याचा गारवा, पुढच्या मुलाच्या टोपीचा रंग ह्यांवर मन ठेवावें. आणि 'हें चढेल, आणि मग उतरेल' एवढेंच मनाशीं म्हणावें. तरीही असह्य झालें तर बाहेर यावें, बांकावर बसावें, पाणी प्यावें आणि जमल्यास पुन्हा जावें. आज तीन वळसे झाले, उद्यां चार होतील. असें बाहेर येणें हें पलायन नव्हे; परत येण्याची इच्छा मनांत जिवंत ठेवून घेतलेला तो विसांवा आहे. ज्यास केव्हांही जातां येतें, तोच खऱ्या अर्थानें थांबूं शकतो. इतरांचें उभें राहणें म्हणजे नुसतें अडकणें होय.

ही मोकळीक देणें पुष्कळ अंशीं सोबत्यांच्या हातीं असतें. ह्या बाबतींत गीतेच्या प्रारंभींचा प्रसंग विचार करण्यासारखा आहे. दोन सैन्यांच्या मध्यें उभा राहिलेला अर्जुन आपली स्थिति सांगतो: गात्रें गळालीं, तोंड कोरडें पडलें, अंगास कंप सुटला, त्वचेचा दाह होतो, धनुष्य हातांतून निसटतें, उभें राहवत नाहीं, मन भ्रमतें. अर्जुनाचा प्रश्न धर्माधर्माचा होता आणि रांगेंतल्या मनुष्याचा तसा नाहीं, हें उघड आहे. पण दोघांच्या शरीराची भाषा एकच आहे, आणि ती बोलणारा मनुष्य त्या काळचा श्रेष्ठ धनुर्धर होता. भगवंतांनीं प्रथम काय केलें? त्यांनींही त्यास आधीं खडसावलेंच. हें दुबळेपण तुला शोभत नाहीं, असें ते म्हणाले. परंतु त्या खडसावण्याचा उपयोग काय झाला, हें आपण बहुधा लक्षांत घेत नाहीं. अर्जुन 'मी लढणार नाहीं' म्हणून गप्प बसला. त्यानंतर रथ तेथेंच उभा ठेवून, त्याच्या एकेका शंकेस उत्तर देत, अठराव्या अध्यायापर्यंत बोलत बसावें लागलें. निर्भर्त्सनेनें जें झालें नाहीं तें सहवासानें आणि संवादानें झालें. साक्षात् श्रीकृष्णाच्या खडसावण्यानें ज्याचे हात थांबले नाहींत, त्याचे आपल्या 'कांहीं तरीच काय!' ह्या दोन शब्दांनीं कसे थांबणार? 'चल, आपण दोघें थोडा वेळ बाहेर बसूं. मुलें काकांबरोबर पुढें जातील,' एवढें बोलणारा सोबती मिळाला, तर पुष्कळ वेळां बाहेर जाण्याची गरजच उरत नाहीं.

पण सोबत्यांप्रमाणेंच भय वाटणाऱ्याचेंही एक कर्तव्य आहे. आपल्या भयाचा कर साऱ्या घरावर बसवूं नये. 'मला जमत नाहीं, तेव्हां कोणीच जावयाचें नाहीं' असें म्हणणारा दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यावर तेंच संकट आणतो, ज्यास तो स्वतः भितो. त्यानें बांकावर बसावें आणि मुलांस पाळण्यांत बसलेलीं पाहून हात हालवावा. त्यांत कमीपणा नाहीं.

रांग ही न्यायाची संस्था आहे. जो आधीं आला तो आधीं जाणार, मग तो लक्षाधीश असो वा कारकून. म्हणून रांगेंतील सवलतींचा प्रश्न नाजूक होतो. डिस्नेच्या उद्यानांत १९९९ सालीं निघालेली मोफत फास्टपासची पद्धत २०२१ सालीं बंद झाली आणि तिच्या जागीं पैसे देऊन रांग चुकविण्याची सोय आली. दुसरीकडे, ज्यांस रांगेंत दीर्घकाळ उभें राहणें अशक्य आहे त्यांच्याकरितां २०१३ सालीं वेगळी व्यवस्था झाली होती. तिचा गैरवापर होतो म्हणून २०२४ सालीं ती मुख्यतः ऑटिझमसारखी जन्मजात अडचण असलेल्यांपुरती आंखडण्यांत आली, आणि भयविकारानें पीडलेले पुष्कळ लोक तिच्याबाहेर पडले. खोटें दुखणें सांगून सवलत घेणारे निरोगी लोक कोणाचा घास काढून घेतात, हें ह्यावरून दिसेल. परंतु भय वाटणाऱ्यास पुढें घुसण्याच्या हक्काची तितकी आवश्यकता नसते, जितकी बाहेर येऊन पुन्हा आपल्या माणसांस मिळण्याच्या हक्काची असते. अशी मुभा त्याच उद्यानांत कांहीं प्रमाणांत दिली जाते. तिच्यानें इतरांचा एक क्षणही वायां जात नाहीं, पण कठड्याचा तुरुंग मात्र नाहींसा होतो.

आपल्या समाजास ही कल्पना परकी वाटूं नये. आषाढींत पंढरपुरास पदस्पर्शदर्शनाची बारी तासन् तास चालते. त्या बारींत ज्यास उभें राहवत नाहीं तो मुखदर्शन घेतो. तेंही न जमलें तर नामदेव पायरीवर डोकें टेकतो, कळसास हात जोडतो आणि गांवीं परततो. तुझी वारी अपुरी राहिली, असें त्यास कोणी म्हणत नाहीं. चरणांपर्यंत पोंचलेला आणि कळस पाहून वळलेला, दोघेही वारकरीच. देवाच्या दारीं जी मोकळीक आपण एकमेकांस सहज देतों, ती पाळण्याच्या दारीं देण्यास अडचण कसली?

भयाचें निर्मूलन हें ध्येय थोर आहे, परंतु तें बहुतेकांच्या आवांक्याबाहेरचें आहे. कांहींजणांचें हृदय जन्मभर अकारण धडधडत राहील. त्यास आपण थांबवूं शकत नसलों, तरी त्या धडधडीस लाजेची जोड न देणें हें आपल्या हातीं आहे. कुटुंबांत एखादा भाऊ, एखादी सून, एखादें मूल रांगेंत फिकट पडलेलें दिसलें, तर त्याच्या धैर्याची परीक्षा घेण्याची ती वेळ नव्हे. बाहेरची वाट कोणती, हें हलक्या आवाजांत त्यास सांगावें, आणि तो कोणत्या वाटेनें जातो हें त्याच्यावर सोंपवावें.